चार फरश्या बाय तीन

अप्पांचे चौदा शर्ट.
नऊ खाकी, एनएमएमटीचे,
दोन लग्नांतले, एक होळीचा,
आणि दोन असे, की कधी घातले तेच आठवत नाही.
मी ठरवलं, डबलबेडची गोधडी करायची.
एकही शर्ट बाहेर राहता कामा नये.

सुई कशी धरतात ते तोवर माहीत नव्हतं.
शाळेत असताना एकदा बटण लावलेलं,
ते शर्टासकट बनियनला लागलं.

तुर्भ्याच्या उड्डाणपुलाखाली
अनसूया धोत्रे बसते, जुन्या साड्यांचा ढीग घेऊन.
खांबावर खडूने लिहिलंय: गोधडी शिऊन मिळेल.
मी म्हटलं, शिवून नको, शिकवा.
तिने आधी माझे हात बघितले,
मग पिशवी.
‘केवढी करायची?’
मी दोन्ही हात फाकवले, जमतील तेवढे.
ती हसली नाही.
‘घरात पसराया जागा हाय का?’

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, सिडकोचं घर.
पलंग आणि कपाट यांच्या मध्ये
लांबीला चार फरश्या, रुंदीला तीन.
फरशी एक फुटाची.
टीपॉय बाल्कनीत टाकला तर साडेचार,
पण मग बाल्कनीचं दार उघडत नाही.

‘मंग तेवढीच कर,’ अनसूया म्हणाली.
‘पैल्या खेपेला माणसानं दुपटंच शिवावं.
थोरलीला हात घातला की ती माळ्यावर जाती,
सुई टोचलेली तशीच.
येत्यात की लोकं माझ्याकडं, वरसा-दोन वरसानं,
गठुडं घेऊन.
कुणाची अर्धी आई, कुणाचा पाव नवरा.
पुरी करून द्या म्हणत्यात.
मी कशी करू? मी कुठं बघितलंय त्यास्नी?’

चौदातून सहा काढायला आठवडा गेला.
वृषाली म्हणाली, होळीचा नको, रंग सुटेल.
मी म्हटलं, सुटू दे.
मग रात्री उठून तो परत पिशवीत ठेवला,
सकाळी परत काढला.
पाठीतून फूटभर चौकोन नीट निघतो,
पुढून बटणपट्टीसकट निघतो,
बाहीतून काहीच नाही.
कॉलरी सगळ्या आतून झिजलेल्या,
मान वळवून वळवून, आरशात मागचं बघताना.

एक खिसा तसाच राहू दिला,
शाईच्या डागाचा.
‘तोंड वर ठेव त्याचं,
न्हाईतर ठेवशील ते सांडंल.’
काय ठेवणार आहे मी?
तिने दाताने दोरा तोडला.
‘ते मागनं बघ.’

पहिली ओळ वाशीला निघाली
आणि घणसोलीला पोचली.
उसवली.
दुसरीही तिकडेच गेली. ती राहू दिली.
अप्पा असते तर म्हणाले असते,
लेन सोडू नको, आणि हॉर्न कशाला वाजवतोस.
मी टाका चुकला की मोठ्याने च्यक् करतो,
ते ऐकू आलं असतं त्यांना.

पाच महिन्यांनी झाली.
खांद्यावर घेतली तर पोटापाशी संपते,
पायांवर घेतली तर कमरेला पोचत नाही.
वृषालीने विचारलं, अर्धीच झालीय का?
नाही. एवढीच आहे.

बसून घेतली, तेव्हा दोन्ही गुडघे झाकले.

सव्वीस वर्षं क्लच दाबून
अप्पांचा डावा गुडघा रात्री ठणकायचा.
त्यावर टॉवेलची घडी ठेवून ते मॅच बघायचे,
आवाज बंद करून,
मी दहावीला होतो म्हणून.
मी दहावी झालो, बारावी झालो, कामाला लागलो,
आवाज त्यांनी काही परत सुरू केला नाही.

उरलेले आठ शर्ट पिशवीत आहेत,
पिशवी खाली, हाताशी. माळ्यावर नाही.
नव्या मुंबईत थंडी पडते ती किती,
डिसेंबरातही पंखा लावावा लागतो.
पंखा लावलाय.
गोधडी मांडीवर.
खिशात रिमोट बरोबर मावतो.